हायकूत हुकूम नको

"कुठे पाहिलंत?"

चष्मा कपाळावर ढकलायचा, मान किंचित वाकडी करायची आणि समोरच्यावर हा प्रश्न टाकायचा. हवालदारानं लायसन्स मागावं तसा. उत्तर तयार नसेल तर तुमची धडगत नाही.

मी वसईत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. आमच्या वेटिंग रूममध्ये डॉक्टरांनी भिंतभर एक चित्र लावलं आहे. लाल-केशरी झाडं, खाली पानांचा सडा, मधून एक ओली वाट. पेशंटला बरं वाटावं म्हणून. ऑक्टोबरातल्या एका दुपारी हा प्रश्न विचारणाऱ्या बाई दाढ काढायला आल्या. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. तशाही त्या उठून चित्रापाशी गेल्या आणि डॉक्टर बाहेर येताच त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"ऑटम, मॅडम. आपला शरद ऋतू."

"कुठे पाहिलात?"

डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. "आत्ता बाहेर शरदच चालू आहे. जा, बघून या. एक तरी पान गळलंय का?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. समोरच्या बदामाचं पानसुद्धा हलत नव्हतं. डॉक्टर आत गेले आणि मला त्या क्षणी ही बाई आवडली. डॉक्टरांना कुणीतरी असं बोलावं, ही माझी जुनी इच्छा होती.

दाढ निघाल्यावर तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्यासमोरचा कागद ओढला आणि लिहिलं, "आपल्याकडे पानं फाल्गुनात गळतात. तुम्ही हायकू लिहिता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी खाली लिहिलं, "लिहाल. नंबर द्या."

असं मला त्यांच्या हायकूच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर ओढण्यात आलं. तिथे सगळे त्यांना ताई म्हणत. ताई उमेळ्याच्या, जुन्या वाडीवाल्या घरातल्या सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत त्या निवृत्तीपर्यंत स्टेनो होत्या. "साहेब बोलायचे आणि मी उतरवून घ्यायची," त्या सांगत. "एका वाक्याचं काम असायचं आणि पानभर मजकूर. तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झाल्यावर तीन ओळींच्या वर जायचं नाही."

ग्रुपचे नियम कडक. सुप्रभात नाही, फुलांचे गुच्छ नाहीत, वाढदिवस नाहीत. सकाळी वाडीत फेरी मारून आल्या की ताई 'आजचा शब्द' टाकत. तो त्यांनी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलेला असायचा. शेवग्याची शेंग, कोळ्याचं जाळं, फुटका पाइप. आपण दिवसभरात त्यावर पाच-सात-पाच अक्षरांच्या तीन ओळी लिहायच्या. बाकी एक अक्षर लिहायचं नाही; अभिप्राय फक्त ताईंचा. आणि सगळ्यात मोठा नियम, हायकूत हुकूम नको. 'बघा', 'ऐका', 'या', 'जा' काही नको. "वाचणाऱ्याला कामाला लावू नका. मी आयुष्यभर हुकूमच लिहून घेतलेत," असं त्या म्हणत.

मी बोळिंजला राहते, बिल्डिंगींच्या रांगांत. मी म्हटलं, "ताई, आमच्याकडे निसर्ग नाहीच. खिडकीतून पाण्याचा टँकर दिसतो."

"मग टँकर लिही. टँकरनं काय घोडं मारलंय?"

मी लिहिलं:

टँकर उभा
गळत्या नळाखाली
साळुंकी न्हाते

त्यावर त्यांचं उत्तर आलं, "बरं आहे." ग्रुपवरच्या एका जुन्या सभासदानं मला मुद्दाम फोन करून कळवलं की ही पेढे वाटण्याजोगी गोष्ट आहे. ताई 'छान' कधीच म्हणत नसत. छान हा शब्द लोक न वाचता वापरतात, असं त्यांचं मत होतं.

बाकी रागच राग. शरद सुरू झाला की ग्रुपवर पानगळीची साथ यायची. फ्लॅटमध्ये एसी लावून बसलेली माणसं 'शेवटचे पान' लिहायची. कुणी तर धुकं पाडलं होतं, ऑक्टोबरात, विरारला! ताई प्रत्येकाला फोन करून झापायच्या. "अहो, भात पिवळा झालाय, गवताला तुरे आलेत, हवेत चतुर उडतायत, घामानं पाठ भिजलीय. हा शरद. तुमचा कुठला?" त्यांनी स्वतः तेव्हा लिहिलं होतं:

दोरीवरचा
परकर वाळला
चतुर आला

यावर निवृत्त प्राचार्य असलेल्या एका गृहस्थांनी फोन करून नाराजी कळवली. हायकूसारख्या तरल प्रकारात परकर? ताईंनी विचारलं, "तुमच्या घरी वाळत नाहीत का?"

तुम्ही म्हणाल, विक्षिप्त बाई होती. होती. पण तिच्यामुळे मी खिडकीबाहेर बघायला लागले, आणि हे माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

त्यांच्या घरामागे बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं, साठतं आणि त्यावर वाडीतली केळी, चाफा, पानवेली वर्षभर जगतात. आजूबाजूच्या विहिरींना गोडवा त्याच्यामुळेच. ताईंचे निम्मे शब्द त्या काठावरून यायचे. मागच्या कोजागरीच्या सुमारास त्यांनी सगळ्या ग्रुपला तिथे बोलावलं. सकाळची वेळ होती. खंड्यानं सूर मारला, बारीक मासे वर आले, आणि माणसं वेडी झाली. फोटो काढले, पाण्यात पाय सोडून बसली, ताईंच्या हातची केळफुलाची भाजी दोनदोनदा वाढून घेतली.

तिथेच ताईंनी सांगितलं की दीर आणि पुतण्या बिल्डरशी बोलून बसलेत. वाडी जाणार. तिचं काही करता येणार नाही, पण बावखल त्या सोडणार नव्हत्या. त्यांनी तहसीलला अर्ज केला होता, तलाठी पाहणीला येणार होता. "त्याच्या आधी भराव टाकला की संपलं. जागेवर पाणीच नाही दिसलं तर तो काय लिहिणार?"

सगळे तापले. जूचंद्रचे एक काका होते, मिठागरवाल्या घरातले, हायकूही त्याच भाषेत लिहिणारे. ते उठून उभे राहिले. "ताई, आमच्याकडं धा मान्सा हुबी ऱ्हायली, ट्रक मागं फिरलं. तुमी निस्ती हाक मारा." प्राचार्य म्हणाले, "आम्ही सर्व येऊ. हा आपल्या सर्वांचा ठेवा आहे." टाळ्या झाल्या. ताई म्हणाल्या, "बरं आहे." आणि आत चहा ठेवायला गेल्या. त्यांना खरं वाटलं होतं. त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

तलाठी सोमवारी येणार होता. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, रोजच्या वेळेला ग्रुपवर ताईंचा मेसेज आला:

भराव सुरू
बावखलात ट्रक
या लवकर

मी कणीक मळत होते. तशाच हातांनी फोन उचलला. 'या.' ताईंनी 'या' लिहिलं होतं. बोटांच्या सवयीनं अक्षरं पाच-सात-पाच पडली असतील, पण जी बाई हायकूत हुकूम चालू देत नाही ती हुकूम करत होती. नवरा म्हणाला, "अगं, कविताच असेल." मी स्कूटी काढली.

वाटेत सिग्नलला फोन पाहिला. मला वाटलं होतं, 'निघालो', 'पोचतोय' असे मेसेज असतील. काय होतं सांगू? टाळ्या! 'वाह ताई!' 'या लवकर, केवढी आर्तता!' 'शेवटच्या ओळीनं काळजाला हात घातला.' नियम मोडून फुलांचे गुच्छ. तोच आजचा शब्द समजून तिघाचौघांनी भरावावर हायकू लिहूनही टाकले होते. एकात चक्क पान गळत होतं.

मी रस्त्याच्या कडेला थांबून लिहिलं, "ही कविता नाही. खरंच ट्रक आलेत. ताई एकट्या आहेत. उमेळ्याला या."

प्राचार्यांचं उत्तर आलं, "आज मुक्तछंद चालणार आहे का? अक्षरं जास्त होतात."

अरे, माणूस बुडताना ओरडला तर तुम्ही त्याच्या सुराला दाद देणार का? जूचंद्रच्या काकांना फोन लावला, ते लग्नात होते, मागे बँड वाजत होता. दुसऱ्या एका बाईंना लावला. "अगंबाई, खरंच की काय? पण आज पाहुणे आहेत गं." कोजागरीला भाजी दोनदा घेणारी हीच!

मी पोचले तेव्हा निम्मं बावखल गेलेलं होतं. तुटक्या लाद्या, सिमेंटचे गठ्ठे, कुणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स पाण्यात. एक ट्रक रिकामा करून वळत होता आणि दुसऱ्यासमोर ताई उभ्या होत्या, उन्हासाठी काळी छत्री उघडून. ड्रायव्हर घाबरलेला. "माताजी, बाजू हो जाओ ना. मेरेको अभी और फेरा मारना है."

पुतण्या चाळिशीचा, अगदी सभ्य मुलगा. "काकी, सगळ्यांचं ठरलंय. तू कशाला उन्हात उभी राहतेस?"

"माझं ठरलेलं नाही. माझी माणसं येतायत."

मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. पदराखालचा त्यांचा फोन सारखा टुंग टुंग वाजत होता. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. "वाच. कुठवर आलेत?"

मी काय वाचणार होते? मी म्हटलं, "येतायत, ताई." त्यांनी फोन माझ्या हातातून परत घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि स्वतः वाचलं. सगळं, सावकाश. मग त्या बाजूला झाल्या. पुतण्यानं हातही लावला नव्हता. त्या आपणहून बाजूला झाल्या आणि ट्रक मागे आला.

दुपारी ट्रकवाली माणसं जेवायला गेली तेव्हा एका कोपऱ्यात थोडंसं गढूळ पाणी उरलं होतं आणि त्यात मासे तडफडत होते. ताईंनी चपला काढल्या, साडी खोचली, त्या चिखलात उतरल्या. बादली आणायला घरात जायला हवं होतं, आणि घरात दीर बसले होते. त्यांनी छत्री उलटी केली, तिच्यात पाणी आणि मासे भरले. शेजारच्या वाडीत अजून एक बावखल शाबूत होतं, तिथवर आम्ही दोघी ती छत्री दोन बाजूंनी धरून पळत होतो. कापडातून पाणी गळत होतं. निम्मे मासे वाटेतच गेले. परत आलो, परत भरली. माणसं जेवून येईपर्यंत आम्ही तेच करत होतो.

शेवटच्या खेपेनंतर त्या शेजारच्या काठावर बसल्या. छत्रीच्या एका काडीत एक मासा अडकून मेला होता. तो त्यांनी सोडवला आणि पाण्यात टाकला.

"हे लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू नाही, मी नाही. यावर कुणी टाळी वाजवलेली मला चालणार नाही."

सोमवारी मी अर्धा दिवस रजा काढून गेले. तलाठी आले. बुटांना चिखल लागू नये म्हणून कडेला थांबले. "इथं तर पाणी दिसत नाही," म्हणाले, तसं लिहिलं आणि निघाले. मी ताईंकडे बघत होते. आता चष्मा कपाळावर जाईल, आता हा माणूस सोलून निघेल. ताई म्हणाल्या, "बरं." तेवढंच.

त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपमधून एकेकाला काढलं. मला ऍडमिन केलं आणि स्वतःही बाहेर पडल्या. मग लोकांचे मला फोन, "ताई चिडल्या का? आम्ही तर कौतुकच केलं होतं." मी त्यांना काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही. त्यातल्या कुणाला ते समजलंही नाही. ते हुशार लोक आहेत, त्यांचा नवा ग्रुप आहे, तिथे रोज नवा शब्द येतो.

मी मधूनमधून उमेळ्याला जाते. त्या जागेवर आता खांब उभे राहिलेत. ताई चहा करतात, माझ्या मुलाच्या दहावीची चौकशी करतात, गुडघ्याबद्दल बोलतात. मागची खिडकी लावलेली असते. परवा मी मुद्दाम खोटा हायकू करून नेला. ऐन ऑक्टोबरात आमराईत मोहर फुलवला आणि वर कोकिळा गायला बसवली. म्हटलं, आता तरी. त्यांनी ऐकलं, कप उचलला आणि म्हणाल्या, "छान."

मी रिक्षात बसून रडले.

म्हणून त्यांनी बजावलं असूनही मी हे सगळं लिहिलंय, पानंच्या पानं, नको तितक्या शब्दांत. पहिली प्रत त्यांनाच पाठवली आहे. ताई, तुमचा शब्द मी मोडलाय. रागवा. फोन करा, माझी सालटी काढा, एकेक वाक्य घेऊन विचारा कशाला हवं होतं म्हणून.

प्रत पोचल्याचं कुरिअरवाल्यानं कळवलंय. फोन अजून आलेला नाही.