शिक्केसाहेबांचा न उडणारा फ्यूज

गल्लीत कुणाच्याही घरचे दिवे गेले की एक माणूस हमखास दारात येऊन उभा राहायचा आणि कमरेवर हात ठेवून मोठ्या आनंदाने विचारायचा, "काय, उडाला वाटतं तुमचा फ्यूज?" हे शिक्केसाहेब. वजनमापे खात्याने त्यांना निवृत्त करून बारा वर्षं झाली होती. साहेबांनी मात्र ते अजून मनावर घेतलं नव्हतं.

एकोणतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासले, लिटरची मापं ओतून पाहिली आणि बरोबर निघालेल्या काट्याला तार ओवून तिच्यावर शिशाचा शिक्का दाबला. ही खोड इतकी हाडीमासी खिळली, की घरीही जे जे बरोबर आहे असं त्यांना वाटे, त्याला ते सील ठोकत. माळ्यावरच्या ट्रंकेला सील, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला सील. एकदा तर भिंतीवरच्या घड्याळालाही ठोकलं, कारण त्यांच्या सौभाग्यवती ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवत. या सौभाग्यवतींना सगळी गल्ली मामी म्हणते. साहेबांना मामा म्हणायला मात्र आजवर कुणी धजावलेलं नाही.

घर साहेबांच्या वडिलांनी बांधलेलं. चार खोल्या, एकीच्या पाठीला एक. वायरिंगही वडिलांच्याच वेळचं: भिंतीवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर कापडी वेष्टणाच्या वायरी, आणि काळी गोल बटणं, जी दाबली की झोपेतून उठवल्यासारखी चिडून 'खट्ट' म्हणत. वडिलांच्या काळी घरात चार दिवे आणि एक रेडिओ होता. पुढे फ्रीज आला, धुण्याचं मशीन आलं, गीझर, इस्त्री, मिक्सर सगळे आले. वायरी तेवढ्या त्याच राहिल्या. सैल पडलेल्या सॉकेटांत तीन पायांचे प्लग कसेबसे कोंबलेले, आणि कपाटामागे एका बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी रांग. त्यातलं कुठलं शेपूट कुणाचं हे सांगायला वंशावळच काढावी लागली असती.

पूर्वी या घराचा फ्यूज आठवड्यातून दोनदा उडायचा. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात साहेब स्टुलावर चढले, फ्यूजच्या लाकडी पेटीत तासभर काहीतरी खाटखूट केली, झाकण लावलं आणि कडीत तार ओवून शिक्का दाबला. त्या दिवसापासून बारा वर्षांत फ्यूज म्हणून उडाला नाही. गल्लीत उगाच दुसऱ्यांच्या काळोखात जाऊन 'उडाला वाटतं' विचारण्याचा हक्क त्यांना तिथून मिळाला होता.

आता फ्यूज उडत नसला तरी घर अगदीच गप्प नव्हतं. त्याचे काही नियम होते. फ्रीजपुढे एक लाकडी पाट कायम मांडलेला असे. आधी पाटावर उभं राहायचं, मग दार उघडायचं. न्हाणीघरातला नळ उजव्या हाताने सोडायचा आणि तेव्हा डावा हात पाठीमागे ठेवायचा. गीझर लावणाऱ्याने मोठ्याने "गीझर!" म्हणायचं, मग आतून कुणीतरी इस्त्री बंद करून "होऊ दे!" म्हणायचं. दिवे जरा मान टाकत, पंखा धापा टाकत, आणि पाणी तापे. पाहुण्यांना चहाआधी हे नियम सांगितले जात. त्यामुळे पाहुणे पुन्हा फारसे येत नसत, आणि आपल्याकडे किती शांतता असते याचं साहेबांना कौतुक होतं.

मामी कधी म्हणाल्याच, "अहो, फ्रीजला आज परत करंट आला," की साहेब चष्मा वर सरकवून उत्तर देत, "करंट नव्हे, झिणझिण्या. करंट आला असता तर तू सांगायला उरली नसतीस."

मामी पाटावर चढत.

पण या पंधरवड्यात घराचा नूर पालटला होता. लेकीला नवी नोकरी लागली होती, आणि एक तारखेपासून तिची अकरा महिन्यांची मुलगी दिवसभर आजी-आजोबांकडे राहणार होती. मामींनी मधल्या खोलीत चटई अंथरून ठेवली, टोकदार ते सगळं उचललं. साहेबांनी वरवर "बघू बुवा, जमतंय का" असा सूर लावला होता. प्रत्यक्षात गुपचूप एक खुळखुळा आणून तो घरच्या काट्यावर तोलला होता, आणि खोक्यावर लिहिल्यापेक्षा अकरा ग्रॅम कमी भरला म्हणून कंपनीला पत्र धाडलं होतं. साहेबांची माया अशीच प्रकट व्हायची.

शनिवारी सकाळी लेक नातीला घेऊन आली. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली आणि नेमका पाटाचा विसर पडला. अनवाणी पायांनी तिने फ्रीजचं दार धरलं. कडेवरच्या पोरीनेही लाळेने भिजलेला पंजा पुढे करून दारावर थापटला. दोघी एकदमच किंचाळल्या. लेकीने झटक्यात पोरीला मागे ओढलं आणि पोरगी जे रडायला लागली ते काही केल्या थांबेना.

साहेब पेपर टाकून धावत आले. आले खरे, पण तोंडातून काय निघावं? "पाटावर उभी नव्हतीस तू!"

"बाबा!" लेकीचा आवाज चिरकला. "हिला काय सांगू? रांगायच्या आधी पाटावर चढ म्हणून?"

"अगं, झिणझिण्या असतात त्या. आम्ही इतकी वर्षं..."

"तुम्ही मोठे आहात, तुम्हाला हौस आहे. हिला नाहीये." तिने पिशवी उचलली. "पाळणाघरवाल्या बाईंना मला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. वायरमन बोलावून सगळं घर दाखवा, तो सांगेल ते करा, तर ही इथे राहील. नाहीतर तिथे. आई, मी जाते."

ती गेली. चटईवर खुळखुळा तसाच पडून राहिला. मामींनी एका शब्दानेही साहेबांना विचारलं नाही. सरळ फोन उचलून वायरमनला बोलावणं धाडलं.

तासाभराने दारात चाळिशीची एक बाई उभी. खांद्याला अवजारांची पिशवी, पायांत रबरी चपला, कानामागे पेन्सिल.

"वायरमन कुठाय?" साहेबांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत विचारलं.

"आलीय की."

"तुम्ही?"

"मीच. वायरीला कुठे कळतं, हात कुणाचा लागतोय ते?" म्हणत ती आत आलीसुद्धा.

मामी तिला एकेक खोली दाखवू लागल्या आणि साहेब मागे हात बांधून निघाले. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात ते असेच हिंडले होते. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या जागेत तसं हिंडत होतं, आणि हे त्यांना मुळीच रुचत नव्हतं. बाईने एका वायरीला नख लावलं तर वेष्टणाचा भुगा होऊन खाली सांडला. एक बटण हाताला चटका बसण्याइतकं तापलेलं निघालं. फ्रीजला टेस्टर लावला, तो पेटला. मशीनला लावला, पेटला. नळाला लावला, तिथेही पेटला.

"अर्थिंग कुठे दिलंय?"

"उत्तम आहे अर्थिंग," साहेब म्हणाले. "वडिलांनी स्वतः पाण्याच्या पाइपाला बांधून घेतलंय. पाइप थेट जमिनीत जातो."

बाई न्हाणीघरात वाकली आणि हसायलाच लागली. "साहेब, नळाजवळ हातभर लोखंड आहे. पुढचा सगळा पाइप प्लास्टिकचा. तो कधी बदलला?"

"झाली असतील सहा-सात वर्षं," मामी म्हणाल्या. "झिणझिण्याही तेव्हापासूनच."

"मग अर्थिंग गेलं ना पाण्यात! गीझरमधून करंट गळतोय. त्याला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून अर्थिंगच्या वायरीवरूनच तो फ्रीजला जातो, मशीनला जातो, नळाला जातो. घरभर फिरतोय बिचारा, कुणी बाहेर सोडतंय का बघत. मघाशी तुमच्या लेकीतून गेला." मग ती फ्यूजच्या पेटीपाशी येऊन थबकली. "आणि हे काय? सील?"

"ते उघडायचं नाही." साहेबांची छाती आपोआप पुढे आली. "सील तोडणं हा गुन्हा आहे."

"कुणी मारलंय?"

"मी."

"मग तुम्हीच तोडा. नाहीतर गुन्हा मी करते."

साहेब जागचे हलले नाहीत. बाईने मेन बंद केला, पक्कड लावली आणि शिशाचा तुकडा टप्पकन फरशीवर पडला. मामींनी डोळे मिटून घेतले, जणू आता आभाळच कोसळणार. झाकण उघडलं. आतलं लाकूड जळून कोळशासारखं काळं पडलं होतं, आणि फ्यूजमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तीन पदरी पीळ दिलेली सीलची तार बसली होती.

"आमच्या खात्याची तार आहे ती," साहेब म्हणाले. "तुटत नाही."

"तेच तर! फ्यूजच्या तारेचं कामच तुटणं." बाईने पीळ ओढून काढला, जेमतेम हवी तेवढी बारीक तार ओवली आणि मेन चालू केला. "मामी, आता रोजच्यासारखं सगळं लावा बरं. कशाला हात लावू नका, नुसती बटणं दाबा. बघू, वायरींवर रोज किती भार पडतो ते."

मामींनी फ्रीज आणि मशीन लावलं. मग सवयीने ओरडल्या, "गीझर!"

"होऊ दे!" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

फट्ट! सगळं घर गप्प झालं.

आणि साहेबांचा चेहरा लखलखला. "बघा! बघा! बारा वर्षांत माझा उडाला नाही, तुमचा एका मिनिटात उडाला! काम कुणाचं पक्कं, सांगा आता!"

बाईने शांतपणे कानामागची पेन्सिल काढली. "साहेब, मामी म्हणाल्या तुम्ही तराजू तपासायचात."

"एकोणतीस वर्षं."

"एखाद्या दुकानदाराचा काटा, वर कितीही माल टाका, जागचा हललाच नाही तर? पक्का काटा म्हणून शाबासकी देत होतात?"

साहेब पेटीपाशी गेले. त्या काळ्या लाकडावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. मग फारच हळू आवाजात विचारलं, "हे... पेटलं असतं?"

"पेटतच होतं की. धूर तेवढा बाहेर यायचा राहिला होता."

साहेब आत जाऊन पॅड आणि कागद घेऊन आले. सदोष काटा सापडला की पंचनामा व्हायचा, आणि पंचनाम्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी घडली असं त्यांना वाटतच नसे. खुर्चीवर ताठ बसून ते मोठ्याने बोलत लिहू लागले. सदर घरातील वायरिंग जीर्ण. अर्थिंग निष्फळ. फ्यूजमध्ये अनधिकृत तार. संपूर्ण वायरिंग बदलेपर्यंत मेन बंद ठेवण्यात येत आहे. तपासनीस म्हणून त्यांनी बाईची सही घेतली. लेखणी कशी झरझर चालली होती. कुणा परक्याचं दुकान पकडल्यासारखा हुरूप आला होता. शेवटी 'मालकाचा खुलासा' लिहायचं आलं आणि लेखणी अडली.

"लिहा ना," मामी म्हणाल्या. "दुकानदार काय सांगायचे?"

"माहीत नव्हतं म्हणायचे. सगळे झाडून तेच."

"मग तुम्ही खरं लिहा. माहीत होतं."

बाई पिशवी आवरण्यात एकदम फार गुंतली. साहेबांनी मामींकडे पाहिलं, मामी त्यांच्याकडेच पाहत होत्या. मग त्यांनी मान खाली घालून दोन शब्द लिहिले, खाली सही केली, आणि उन्हं उतरायच्या आत लेकीला फोन लावून सगळा पंचनामा कलमवार वाचून दाखवला. खुलाशापाशी घसा खाकरला, पण वाचला.

पलीकडून लेक म्हणाली, "पाळणाघरात आठ दिवसांपुरतंच सांगते. काम होईल ना तेवढ्यात?"

साहेबांनी बाईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"होईल. माझ्या देखरेखीखाली होतंय."

"अहो, फोन द्या इकडे," मामी म्हणाल्या. "पोरगी परत विचार बदलायची!"