जवसाच्या तेलातले ब्रश

रोसविथा आसाल यांनी अडतीस वर्षं एकच काम केलं. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या आमच्या खोऱ्यात ब्रश बनवणं हाच पिढीजात धंदा, आणि कारखान्यात त्या तपासणीवर होत्या. पट्ट्यावरून प्लॅस्टिकचे दातांचे ब्रश येत, एखाद्याचे केस वाकडेतिकडे दिसले की त्या तो बाजूला काढत. त्यांचे यजमान ओटमार शेजारच्या दालनात, दांड्यांना भोकं पाडायच्या यंत्रावर.

निवृत्त झाल्यावर बाईंच्या मनाने एकच घेतलं. मी पुढे सोडलेला एकेक ब्रश अजून कुठेतरी मातीत जसाच्या तसा पडलाय, असं त्या सारखं म्हणायच्या. मला हसू यायचं. मी इथल्या वृद्धाश्रमात वीस वर्षं म्हाताऱ्यांचे दात घासतेय. टाकलेला ब्रश पुढे कुठे जातो, हे बघत बसायला मला कुठली सवड!

मग ओटमार हळूहळू सगळं विसरत गेले. शेवटी बायकोलाही विसरले आणि आमच्याकडे राहायला आले. बाई रोज त्यांना भेटायला येऊ लागल्या, आणि त्यांची नजर आमच्या कचऱ्याच्या डब्यावर पडली. आम्ही दर आठवड्याला सगळ्यांचे ब्रश फेकून देतो. बाईंनी आमच्या व्यवस्थापिका डिट्शेबाईंचा पिच्छाच पुरवला. लाकडी दांडा कायमचा ठेवा, नुसतं डोकं बदला, म्हणाल्या. कंटाळून डिट्शेबाईंनी एका मजल्यावर महिनाभर वापरून बघायची परवानगी दिली. जमलं नाही, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

बाईंनी तळघरात बसून बीच झाडाच्या लाकडाचे बारा ब्रश तयार केले. आणि तिथेच घोळ झाला. आमच्या खोऱ्यात ब्रश पुरा झाला म्हणजे त्याचा दांडा जवसाच्या तेलात मुरवायचा, मग तो बुटांचा असो की अंगणाचा. हा तोंडात जाणार आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पहिल्याच सकाळी विंटरहाल्डरआजोबा माझ्या ॲप्रनवर थुंकले. "आसालबाईंना सांग, मी दार नाही, मला तेलपाणी नको."

तिसऱ्या दिवसापर्यंत कुणीच तोंड उघडेना. डिट्शेबाई प्लॅस्टिकच्या ब्रशांचं खोकं घेऊन वर आल्या. रोसविथाबाई खोल्याखोल्यांतून आपले ब्रश गोळा करत होत्या. ब्रश धुऊन वाळवायच्या वाढीव कामाबद्दल तीन दिवस मीच कुरकुरत होते, पण आता मला त्यांच्याकडे बघवेना.

एक ब्रश राहिला होता, ओटमार यांचा. तो आम्ही वापरलाच नव्हता, कारण ते कित्येक आठवडे कुणालाच दातांना हात लावू देत नव्हते. बाई तो उचलायला गेल्या, तेवढ्यात ओटमार यांनी हात पुढे केला. ब्रश नाकाशी नेला. बराच वेळ हुंगला. मग, आमच्या खोऱ्यात कुणीही करतो तसा, केसांवरून अंगठा फिरवला आणि स्वतःच्या हाताने दात घासायला लागले.

डिट्शेबाई खोकं घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "यांचा असाच राहू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीच्यांचे बिनतेलाचे करून आणा. महिना अजून संपलेला नाही."

बाईंनी मान हलवली, पण त्यांचं सगळं लक्ष नवऱ्याकडे होतं. ओटमार यांनी ब्रश तोंडातून काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, याची कडेची ओळ ढिली आहे," ते म्हणाले. "असा बाहेर पाठवू नका. तपासणीत रोसविथा आहे ना, तिला दाखवा. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

बाईंनी ब्रश दोन्ही हातांत घेतला.

"दाखवते हो," त्या म्हणाल्या.