नापास बंदिशींचे काका

स्वतःची बंदिश नापास झाली म्हणून समाधानाने चहा पिणारा संगीतकार अख्ख्या डोंबिवलीत एकच होता, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. सगळे त्यांना नुसतं काका म्हणत. खडवलीपलीकडच्या गावातून मी कॉलेजसाठी मामांकडे आलो, तेव्हा मामांच्या घरात वह्या पसरायला जागा नव्हती. काकांनी आपली बाहेरची खोली मला अभ्यासाला दिली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्यांच्या तंबोऱ्याशेजारी बसून तयार झाला, हे मी कधी विसरणार नाही.

काका वाढले कल्याणजवळ मोहन्याला. वडील तिथल्या कारखान्यात कामाला आणि संध्याकाळी भजनी मंडळात. काका पुढे कल्याणला एका गुरुजींकडे बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले, पण चालीची पारख आपल्याला भजनी मंडळाने दिली, असं म्हणायचे. "पाळी संपवून आलेली माणसं रे ती. दमलेल्या माणसाला जी चाल उचलता येते, ती खरी." म्हणून नवी बंदिश ते जाणकारांना ऐकवतच नसत. दूधवाला, इस्त्रीवाला, दारावरची भाजीवाली मावशी यांना ऐकवायचे आणि आठ दिवस वाट बघायचे. कोणी आपसूक गुणगुणलं तर बंदिश वहीत शाईने. नाहीतर पेन्सिलीने लिहिलेलं खोडून साफ. "काका, त्या दिवशीचा गाना काय डोक्यात बसला नाय," असं मावशी सांगायची आणि काका "वाचलो" म्हणत चहा टाकायचे. एकदा इस्त्रीवाला काहीतरी गुणगुणतोय म्हणून हे दुपारभर त्याच्या मागे इमारती हिंडले. तो आपल्या मोबाइलची रिंगटोन गुणगुणत होता.

मग ठाण्यात त्यांच्या गुरुजींच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरला. एक नावाजलेल्या गायिका काकांची सारंगातली नवी बंदिश गाणार होत्या. काका साठीला आलेले. त्यांचं काहीच आजवर रंगमंचावर गेलं नव्हतं. आणि ती बंदिश कोणी गुणगुणेना. सातव्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांचा रियाज ऐकत मी ती पाठ केली आणि आठव्या दिवशी सकाळी जिना उतरताना मोठ्याने म्हटली.

काका दारात आले. पूर्ण ऐकून हसले.

"पाठ केलीस ना?"

"नाही काका, सहजच."

"अरे, सहज म्हटलेलं थोडं तरी बिघडतं. आवडलं की माणूस ते आपल्या सोयीने वाकवतो. तू एक स्वर हलवला नाहीस."

त्यांनी गायिकेला फोन करून नम्रपणे नकार कळवला. मग मला म्हणाले, "परीक्षा जवळ आलीय ना? बस आत." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आता मी ठाण्यात खोपटला राहतो. परवा कपडे वाळत घालताना बायको म्हणाली, "हे काय सकाळपासून चाललंय तुमचं?" तीच बंदिश होती. दुसऱ्या ओळीत वर जायचं तिथे मी खाली उतरत होतो. ओले कपडे तसेच ठेवून मी काकांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांच्या मुलीने फोन त्यांच्या कानाशी धरला. मी बंदिश म्हटली.

"परत," काका म्हणाले. आणि पुन्हा एकदा, "परत."

मग तिकडून ते स्वतः गुणगुणले, कापऱ्या आवाजात, दुसऱ्या ओळीला माझ्यासारखेच खाली उतरत. आणि मुलीला म्हणाले, "वही आण गं. शाईचं पेन पण."