भोंगाकाकांची गालफुगी

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या काकांना सगळी गल्ली भोंगाकाका म्हणायची. गाडीचा हॉर्न केव्हाच मेला होता, पण काकांनी खिडकीतून मुंडी काढून नुसती हाक मारली तरी तिसऱ्या मजल्यावरचं पोरगं एकाच पायात बूट घालून खाली धावायचं. आवाज एवढा मोठा आहे तर अक्कलही तेवढीच असणार, असा काकांचा आपला समज होता. समजावर कुठे औषध असतं?

त्या वर्षी परदेशातून काही कुटुंबं वस्तीत राहायला आली आणि टीव्हीवर रोज तेच भांडण सुरू झालं. ही माणसं रोग आणतात, यांची पोरं शाळेत घ्यायची की नाही? पालकसभेत कुणी विचारलेलं नसताना काका उठले. "आपला कुणावर राग नाही हो," ते गरजले, "पण सावध असलेलं बरं!" टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच! काका हरभऱ्याच्या झाडावर जे चढले ते उतरायलाच तयार होईनात.

त्या कुटुंबांतली एकच मुलगी काकांच्या गाडीत यायची. दुसऱ्या दिवसापासून काकांनी तिला मागच्या बाकावर एकटीला बसवलं. काच उघडी, नाकाला रुमाल, तोंड बाहेर. पुढे बाकीची पोरं काचा लावून एकमेकांच्या अंगावर, आणि सिग्नलला काका मागे वळून त्यांना गोष्टी सांगणार. थंडीने पोरीचे कान लाल व्हायचे. काकांना ते आरशात दिसायचं. मग ते आरसाच जरा वर करायचे.

आणि एका सकाळी काकांचे गाल फुगले. नुकतेच ते बहिणीकडे राहून आले होते, तिथे भाचा गालफुगीने अंथरुणात होता. पण ते कशाला आठवतंय!

"दाढ आहे," काका म्हणाले.

"दोन्हीकडच्या दाढा ठरवून सुजल्या होय?" बायको म्हणाली. "मुकाट्याने डॉक्टरकडे जा."

डॉक्टर म्हणाले, गालफुगी आहे, घरी बसा. काकांनी मान डोलावली, बाहेर येऊन मफलर गुंडाळला आणि गाडी काढली. घरी बसलो तर लोकांना काय तोंड दाखवू? वा रे भोंग्या! दाखवायला तोंड होतं कुठे, नुसता भोपळा झाला होता.

दोन-तीन आठवड्यांत गाडीतली पोरं एकेक करून गालफुगीने आडवी पडली. ठणठणीत राहिली ती मागच्या बाकावरची. झालं, पुन्हा सभा.

"सगळी आजारी आणि हीच कशी बरी?" एक वकीलसाहेब कडाडले. "म्हणजे हिनेच आणलं! हिला शाळेतून काढा. काका, तुम्ही रोज बघता, तुम्हीच सांगा."

मुलीची आई दाराशी उभी होती. काका उठले. गप्प बसलं तर पोरीची शाळा जाते, बोललं तर आपली गाडी जाते. गल्ली हलवणारा तो आवाज, पण निघाला जेमतेम शेजारच्याला ऐकू जाईल एवढा.

"मी," काका म्हणाले.

"काय मी?"

"मीच हो! गालफुगी मला झाली होती. माहीत असून गाडी चालवली. पोरांना गोष्टींबरोबर तीही वाटली. ही वाचली, कारण हिला मी खिडकीत बसवलं होतं!"

या वेळी टाळ्या नव्हत्या. "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून," मागून कुणीतरी म्हणालं. काकांना वाटलं, अगदी बरोबर बोलला लेकाचा.

पोरीची शाळा राहिली. सोमवारी काकांनी दारोदार गाडी नेली, पण कुणाचंच पोरगं खाली आलं नाही. शेवटी त्या मुलीचं घर. तिथे हाक मारायचा धीर होईना. उतरून त्यांनी दार वाजवलं. आईने दार उघडलं, मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिला पाठवलं.

सगळे रिकामे बाक ओलांडून ती मागे गेली. काच खाली केली, रुमाल काढून नाकाला लावला.

"अगं, पुढे ये ना. सगळी गाडी तुझीच आहे."

"नको," ती रुमालाआडून म्हणाली. "आई म्हणते, तुमच्यावर राग नाही, काका. पण सावध असलेलं बरं."

काकांनी आपल्या बाजूचीही काच खाली केली आणि गाडी सुरू केली. बाहेर चांगलीच थंडी होती.