एका शब्दाचा हुकूम

साहेब मुख्य न्यायमूर्ती झाले तेव्हा बंगला मिळाला, गाडी मिळाली, दाराशी शिपाई मिळाला. त्यांना ‘अरे लांब्या’ म्हणणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. म्हणायचा तो एकच, बुटक्या. वकिलीची पहिली सात वर्षं दोघांनी जिन्याखालच्या खोलीत एका टेबलावर काढली. पक्षकार आला की एकाने उठायचं, कारण खुर्च्या दोनच. साहेबांचं लग्न राहूनच गेलेलं, त्यामुळे रोज जेवायला बुटक्याकडे. वहिनी आधी उशीर झाला म्हणून झापायच्या, मग पोटभर वाढायच्या.

लांब्या न्यायाधीश झाला आणि वकिलांकडे जाणं-येणं बंद झालं. रीतच आहे ती, आणि चांगली आहे. पण साहेबांचं सगळंच टोकाचं. बुटक्या समोरून आला तर हे भिंतीकडे बघणार. आता नुसतं हसल्याने काय निकाल फिरतो?

वहिनी गेल्या, तेव्हा बुटक्याचं एक अपील साहेबांपुढे चालू होतं. साहेब भेटायला गेले नाहीत. प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवायला एक ओळ पुरली असती, पण अर्धी सुनावणी झाली होती. पुन्हा पहिल्यापासून कशाला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी बुटक्याचाच अर्ज आला: या अपिलातलं वकीलपत्र मागे घेतो, पक्षकाराने दुसरा वकील दिला आहे. साहेबांनी कारण विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटून त्यांनी लिहिलं, ‘मंजूर’.

आज जाऊ, उद्या जाऊ करता करता लाज वाढत गेली. मग त्यांनी ठरवलं, निवृत्त झालो की जाईन. त्यात अकरा वर्षं गेली. या वर्षांत साहेब एकटेच जेवले, आणि त्यांना ते फार जड गेलं.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालत बुटक्याकडे गेले. त्याने आत घेतलं, चहा केला. वाटेत जुळवलेलं सगळं साहेब विसरले.

“चुकलो रे,” ते म्हणाले. “पण तुझं अपील माझ्यापुढे होतं. येणार कसा?”

“म्हणून तर सोडलं.”

साहेबांनी कप खाली ठेवला.

“ती गेली, घरात बसवेना,” बुटक्या म्हणाला. “म्हटलं, तू नियमाचा पक्का, तुझी अडचण आपणच काढू. अर्ज दिला, तू त्याच दुपारी मंजूर केलास. वाटलं, कळलं तुला. मुलीला सांगितलं, एकाचं जेवण जास्त कर, दार नुसतं लोटून ठेव.”

“किती दिवस?” साहेबांनी विचारलं.

“आठ. मग तीच म्हणाली, बाबा, आता कडी लावू या.”