चिंचेने घासलेला नवरा

कुंभकोणमला आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. पन्नाशी अजून लांब असताना, एका सकाळी गिऱ्हाइकाला मोठी समई उचलून दाखवत होतो, तोच छातीवर कुणीतरी वरवंटा ठेवल्यासारखं झालं. माझे वडील अशाच वयात, याच गादीवर हृदयविकारानं गेले होते. बायकोनं माझं एक अक्षर न ऐकता मला रिक्षात घातलं.

डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. तपासण्या पाहून तमिळमध्ये म्हणाले, "अटॅक नाही. पण तुमच्या रक्तवाहिन्या वयानं तुमच्याहून मोठ्या दिसतात."

"मग वाकून नमस्कार करतो त्यांना," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा ठिणग्या उडतात, त्या विझवायची सोयही शरीरातच असते; ठिणग्या फार झाल्या की पेशी होरपळून लवकर म्हाताऱ्या होतात आणि रक्तवाहिन्या कडक होतात, असं त्यांनी समजावलं. माझा कोरा चेहरा पाहून पुस्ती जोडली, "पितळ हवेनं काळं पडतं ना? तसं आतून चाललंय."

हा दृष्टांत त्यांनी पितळवाल्याच्या बायकोसमोर द्यायला नको होता. काळ्या पितळेवर आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध: चिंच. दुसऱ्या दिवसापासून चिंचेचा भात, चिंचेचं सार, चिंचेची चटणी. एकदा तर उपम्यातही तिचा कोळ सापडला.

"अहो, आतून काही उजळल्यासारखं वाटतंय का?"

"दात आंबलेत."

"म्हणजे लागू पडतंय. वरून सुरुवात झाली."

पुढच्या भेटीत तिनं हा उपचार अभिमानानं सांगितला. डॉक्टर हसून हसून खोकले. मग डोळे पुसत म्हणाले, "अम्मा, चिंचेनं रक्तवाहिन्या उजळत नाहीत. आधी काजळी कुठून येते ते बघा." आणि ते माझ्या लाल दातांकडे बघत राहिले. आमच्या गावच्या कोवळ्या विड्याच्या पानात मी दिवसभर तंबाखू घालत असे.

घरी पोचताच ती उंबऱ्यात म्हणाली, "समई विकताना तुम्ही लोकांना काय सांगता? वात काजळू देऊ नका, म्हणजे घासत बसावं लागत नाही. हेच ना?"

माझ्याच दुकानातलं वाक्य माझ्यावरच उलटलं होतं. दारासुरमच्या रस्त्यानं रोज चालायला मी त्याच आठवड्यात लागलो. तंबाखू सुटायला मात्र वेळ लागला. त्या दिवसांत माझ्या तोंडी कुणी लागत नसे.

मागच्या दिवाळीत मी वडिलांचं वय ओलांडलं. त्या दिवशी तिनं माझा पानाचा पितळी डबा चिंचेनं घासून लख्ख केला, आणि तंबाखूच्या कप्प्यात डॉक्टरांच्या गोळ्या भरून दुकानात आणून ठेवला. गिऱ्हाइकं हटकून त्याचीच किंमत विचारतात. विकायचा नाही, मी सांगतो, चालू आहे अजून.