एकोणिसावा

नेव्हिल ट्रेवार्थाला देवाने उंची दिली नाही, डावा पाय तर नुसता उभं राहण्यापुरता दिला, चेंडू मारायला नाही. दम मात्र मोप दिला. आठवडाभर शेतांना तारेची कुंपणं घालून खांदे भरून आलेले असायचे, तरी मंगळवारी आणि गुरुवारी सरावाला हा गडी सगळ्यांच्या आधी हजर. वांडारी गावच्या क्लबात अठराजणांचा, हातापायांनी खेळायचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल सोळा वर्षं तो असाच खेळला. काम एकच: समोरच्या संघातल्या सगळ्यात चलाख खेळाडूला चिकटायचं आणि त्याच्या हाती चेंडू लागू द्यायचा नाही. अशा माणसाचं नाव वर्तमानपत्रात येत नसतं. वर्षअखेरीला एकदाच त्याला बक्षीस मिळालं, तेही हजेरीचं. "शाळेत असतास तर निदान पास तरी झाला असतास," बायको वॅलमे म्हणाली.

वांडारीने अजिंक्यपद जिंकल्याला एकतीस वर्षं झाली होती. १९८४ च्या सप्टेंबरात संघ एकदाचा अंतिम सामन्यात पोचला. चौतीस वर्षांच्या नेव्हिलने हा आपला शेवटचा सामना म्हणून घरी सांगून टाकलं होतं. जिंकणाऱ्यांचा फोटो क्लबाच्या भिंतीवर लागतो. त्यात आपण असावं, एवढंच त्याला हवं होतं.

चौथ्या, शेवटच्या सत्रात त्याच्या बरगडीत कोपर बसलं आणि प्रशिक्षक लान्स शुल्झने त्याला बाहेर बाकावर बसवलं. वांडारी नऊ गुणांनी पुढे होती.

"लान्स, मी ठीक आहे रे."

"गप बस. श्वास तरी धड घे."

"घेतला. जाऊ?"

"अरे, बाकाला काय काटे आहेत का?"

इतक्यात मैदानात डॅरिल हॅन, प्राथमिक शाळेतले मास्तर, पोटरीत गोळा येऊन पडले. "मास्तरांना बाहेर घ्या! नेव्ह, तयार राहा!" लान्स ओरडला. 'तयार राहा' हे नेव्हिलच्या कानात शिरलंच नाही. बाहेर येणाऱ्याने रेघ ओलांडल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. हा मात्र मैदानात धावत सुटला. तिकडे मास्तरांनी पोटरी चोळून घेतली, पाय झटकला आणि ते पुन्हा खेळायला लागले.

अर्ध्या मिनिटाने नेव्हिलला मास्तर धावताना दिसले. तो माघारी फिरला. रेघ पंधरा पावलांवर असताना चेंडू नेमका त्याच्याच दिशेने आला आणि समोरच्या पोर्ट क्लेव्हन संघाचा चलाख गडी मिक रोवन तो झेलायला उडाला. सोडून द्यायला हवा होता. पण हातचा चेंडू ज्याने जन्मात सोडला नाही, त्याला ते कुठून जमणार? नेव्हिलने उडी मारून मूठ हाणली आणि चेंडू बाहेर घालवला. मैदानाभोवती उभ्या गाड्यांचे हॉर्न वाजले. सोळा वर्षांत पहिल्यांदा सगळं गाव त्याच्या नावाने ओरडत होतं.

आणि म्हणूनच पोर्ट क्लेव्हनच्या कप्तानाचं लक्ष गेलं. हा तर बाकावर होता! तो पंचाकडे धावला. "मोजा," म्हणाला.

मोजणी मागितली की खेळ थांबतो, संघ मैदानाच्या मधोमध ओळीत उभा राहतो आणि कुणालाही बाहेर जाता येत नाही. अठराच्या वर एक जरी माणूस निघाला, तरी तोवरचे सगळे गुण पुसले जातात. नेव्हिल ओळीच्या टोकाला उभा राहिला. शेजारी मास्तर होते.

"काय मूठ मारलीस नेव्ह! पण हे मोजतायत कशाला?"

पंच एकेकाच्या खांद्याला बोट लावत येत होता. सात. आठ. नेव्हिलला वाटलं, ओरडून सांगावं, पळून जावं, धरणीने पोटात घ्यावं. करता मात्र काहीच येत नव्हतं. सतरा. मास्तर अठरा.

"एकोणीस," पंच हळूच म्हणाला. त्यालाही बरं वाटलं नसावं.

गुणांच्या फळ्यावरचे वांडारीचे पत्र्याचे आकडे निघाले आणि तिथे शून्य लागलं. नेव्हिल मान खाली घालून बाहेर यायला निघाला.

"तू कुठे चाललास?" लान्स म्हणाला. "मास्तरांना बाहेर घेतोय. तू राहा." आवाजात राग नव्हता. नेव्हिलला तेच सोसवेना.

चार मिनिटं उरली होती. तो जाऊन मिकला चिकटला.

"सोड ना बाबा आता," मिक वळून म्हणाला. "काय राहिलंय?"

"काही नाही," नेव्हिल म्हणाला. रडून रडून त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण मिक जिकडे वळेल तिकडे त्याचे पाय वळत होते.